सायकलच्या खुरांना तेल

"ती गप्प आहे ना, म्हणजे तिला पसंत आहे," वडील काकांना म्हणाले.

ग्वाल्हेरच्या इंदरगंजमधल्या सायकलच्या दुकानात, छताला लोंबणाऱ्या ट्यूबांच्या आड मी उभी होते. दोघांची पाठ माझ्याकडे होती. समोर फळीवर टायरांची चळत होती आणि माझ्याच सायकलीसाठी त्यातले दोन निवडायचं काम चाललं होतं. मला पसंत वगैरे काहीही नव्हतं. मी गप्प होते, कारण माझं वाक्य अजून तयार झालं नव्हतं.

हे जरा समजावून सांगायला हवं. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं असलं की ते आधी डोक्यात इंग्रजीत उमटतं. तिथे ते फार सुरेख असतं. मग त्याचं मराठी करायचं, मग त्यात शिरलेली हिंदी खड्यांसारखी वेचून काढायची, कारण थोरल्या काकांना 'मी बाजार जाते' असलं मराठी खपत नाही. ते स्वतः तासातून चारदा 'बिल्कुल बकवास' म्हणतात, ते चालतं. एवढे सोपस्कार होऊन वाक्य ओठांपर्यंत येतं, तोवर समोरचा माणूस बहुधा उठून हात धुवायला गेलेला असतो. लोक मला शांत आणि समजूतदार म्हणतात. खरं म्हणजे मी फक्त उशिरा पोचते.

त्या वर्षी मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश व्हायचा होता आणि राजधानी भोपाळला जाणार होती. वडील, म्हणजे आमचे अण्णा, सचिवालयात होते. जुन्या राज्यात हिवाळ्यात राजधानी ग्वाल्हेरला असायची आणि उन्हाळ्यात इंदूरला, आणि फायलींच्या पेट्यांबरोबर वडीलही जा-ये करायचे. पण तेव्हा वडील हलायचे, घर जागेवर राहायचं. शिंद्यांच्या छावणीतल्या आमच्या घरात काका-काकू आणि आम्ही एकत्र राहत होतो. आता आई-वडील आणि मी, आमचा अर्धा संसार उचलून भोपाळला न्यायचा होता.

मला जायचं नव्हतं. मुरारच्या पलीकडे एका खेड्यात मुलींची शाळा निघाली होती आणि मी तिथे काही महिन्यांपूर्वीच शिकवायला लागले होते. का जायचं नव्हतं ते मी घरी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं. शाळेतल्या मुली माझ्या हिंदीला हसत, मी त्यांच्या पाढ्यांना हसत असे, आणि या देवाणघेवाणीत दिवसभर मी इतकं बोलत असे, की संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा. घरी वाटायचं, मला सर्दीचा त्रास आहे. आई ज्येष्ठमधाची कांडी हातात द्यायची आणि मी ती गुपचूप चघळायची.

वडिलांनी एक मुभा मात्र दिली होती. मी काका-काकूंजवळ राहून नोकरी करायला त्यांची हरकत नव्हती. पण शाळेचा रस्ता ते स्वतः बघणार होते. येत्या रविवारी ते आपल्या सायकलवर माझ्याबरोबर येणार होते, आणि या रस्त्याने मुलगी रोज एकटी जाऊ-येऊ शकते असं त्यांना वाटलं तर मी राहायचं. नाही वाटलं तर ट्रंक भरायची. आणि नेमके माझ्या सायकलीचे टायर इतके झिजले होते, की आतले धागे बाहेर डोकावत होते. म्हणून आम्ही इंदरगंजला आलो होतो.

टायर ही वस्तू मी त्याआधी कधी मनावर घेतली नव्हती. पण त्या रस्त्याने काही महिने जा-ये केल्यावर मला त्यातलं बरंच कळायला लागलं होतं, निदान तसं वाटायला लागलं होतं. आमच्या छावणीपासून मुरारपर्यंत डांबरी रस्ता. त्यावर अरुंद, गुळगुळीत, टम्म फुगलेला टायर हवा, मग सायकल आपण होऊन पळते. मुरार मागे पडलं की गिट्टीचा रस्ता. तिथे तोच टम्म टायर दातांवर दात आपटवतो. मग कच्ची वाट, कडेला सराट्यांचे वेल पसरलेले. त्यांचे काटे चपलेतूनही पायाला भेटतात, तिथे टायर जाड हवा. मग एक उतार, आणि खाली नाला. नाल्याच्या अलीकडे वाळू, पलीकडे चिकणमाती, पाऊस संपून महिना झाला तरी ओलीच. वाळूत टायर रुंद आणि थोडा मऊ हवा, नाहीतर तो सुरीसारखा आत जातो. चिकणमातीत खोल खाचा हव्यात. पण खाचा फारच बारीक आणि दाट असल्या तर माती त्यांच्यात गच्च बसते आणि चाक लाडवासारखं वळलं जातं. थोडक्यात, रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला निराळा टायर हवा होता आणि सायकलीला चाकं दोनच.

घरी परतताना मी सकाळच्या माझ्याच खुणा बघत असे. सरळ वाटेवर मागचं चाक पुढच्याच्या रेघेवरून जातं, एकच रेघ दिसते. वळणावर दोन होतात, आणि मग कुठलं चाक कुठे घसरलं ते स्वच्छ दिसतं. मागचं चाक घसरलं होतं तिथे नुसती एक बाकदार रेघ असायची. म्हणजे मी थोडी हलले आणि पुढे गेले. पुढचं घसरलं होतं तिथे रेघ संपायची आणि माझ्या दोन्ही चपलांचे ठसे उमटलेले असायचे. एका ठिकाणी हाताच्या पंजाचाही होता. यावरून मी निष्कर्ष काढला होता, की पुढच्या चाकाला खोल, मोकळ्या खाचांचा टायर हवा आणि मागच्याला साधा, सरळ धारींचा पुरे. हवाही कच्च्या वाटेपुरती थोडी कमी. हा निष्कर्ष माझ्या डोक्यात इंग्रजीत इतका नीटनेटका मांडून ठेवलेला होता, की तो कुणाला ऐकवायची गरजच वाटत नव्हती.

आणि गरज पडली त्या दिवशी, दुकानात, माझ्याआधी वडील बोलले.

दुकानदाराने टायर फळीवर मांडले. वडिलांनी एकेक अंगठ्याने दाबून पाहिला, काकांनी नाकाशी नेला, दोघांनी मिळून एक उलटा करून बघितला. मुलगी बघायला येतात तेव्हाही असंच चालतं. फरक एवढाच, की टायरला गाता येतं का असं कुणी विचारलं नाही.

"बहनजी को चलाना है?" दुकानदार म्हणाला. "तो ये हल्का वाला ले जाइए, साहब. घर से स्कूल, स्कूल से घर, और क्या!"

"बरोबर," वडील म्हणाले. गेली कित्येक वर्षं त्यांची सायकल घर ते कचेरी या एकाच डांबरी रस्त्यावर चालली होती. "पुढचं चाक वळवायचं असतं. ते हलकंच हवं."

"बिल्कुल बकवास," काका म्हणाले. काका वडिलांचे थोरले भाऊ, आणि शिंद्यांच्या संस्थानी घोडदळात अर्धा जन्म काढलेले. "अरे, घोडा पळतो तो मागच्या पायांच्या जोरावर. हे खाचांचे बघ. असे दोन घे."

"वो तो दूध वाले ले जाते हैं," दुकानदार जरा संकोचून म्हणाला. "पीछे मन-मन भर के डिब्बे लटकाते हैं, उनके लिए है."

"तो हमारी बच्ची किसी दूध वाले से कम है क्या?"

हे कौतुक होतं. मी ते कौतुक म्हणूनच घेतलं.

"दादा, मुलीच्या जातीला दूधवाल्याचे टायर?" वडील म्हणाले. "पुढचा मी म्हणतो तो राहू दे. मागचा तुम्ही घ्या हवा तर."

"मग मागचा हा. पक्का."

"पण दोन चाकांना दोन तऱ्हा? लोक हसतील."

"राज्याला दोन राजधान्या आहेत, त्याला कुणी हसलं का?"

"हसले ना," वडील म्हणाले. "म्हणून तर मोडतायत."

असा दोघा भावांचा समझोता झाला. पुढे वडिलांचा अरुंद, गुळगुळीत टायर, मागे काकांचा दूधवाला. मला जे हवं होतं त्याच्या बरोबर उलटं. दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर होतं, आणि ती अर्धी त्यांनी नेमक्या चुकीच्या चाकांवर चढवली होती. मग वडिलांनी ते गप्प असण्याचं आणि पसंत असण्याचं वाक्य टाकलं. तेवढ्यात दुकानदाराला ट्यूबांच्या आड मी दिसले.

"ठीक है न, बहनजी?"

तिघेही वळून माझ्याकडे बघायला लागले. माझ्याजवळ वाळू होती, चिकणमाती होती, वळणावरच्या रेघा होत्या. हातात पुरावा असलेल्या वकिलासारखी मी एक पाऊल पुढे आले.

"हं," मी म्हणाले.

दुकानदाराने टायर चढवायला घेतले.

*

संध्याकाळी अंगणात आले तर काका सायकलीजवळ उकिडवे बसलेले. शेजारी एक डबा आणि एक मळका ब्रश.

तो डबा मला ओळखीचा होता. संस्थानं मोडून मध्य भारत झाला त्या पहिल्या विलीनीकरणात संस्थानची फौज गेली, तिच्याबरोबर काकांची पागा मोडली आणि घोडे लिलावात निघाले. काकांचा घोडा कोणा टांगेवाल्याने नेला. काका त्याबद्दल बोलत नाहीत. पण त्या दिवसांपासून खुरांना लावायच्या तेलाचा डबा, ब्रश आणि खूर साफ करायचा आकडा, या तीन गोष्टी कोनाड्यात होत्या आणि काकूंना त्या हलवायची परवानगी नव्हती. संध्याकाळी ज्या वेळी पूर्वी ते पागेत जायचे, त्या वेळी काका आता अंगणात नुसते फेऱ्या मारायचे.

आज ते फेऱ्या मारत नव्हते. त्यांनी सायकल उलटी न करता तिच्याकडे पाठ केली होती, मागचं चाक वर उचलून घोड्याच्या पायासारखं दोन गुडघ्यांत धरलं होतं, आणि ब्रश तेलात बुडवून नवाकोरा टायर माखत होते. प्रत्येक खाच. तेल टायरवरून ओघळून रिमवर येत होतं आणि तिथून काकांच्या धोतरावर.

"रबर म्हणजे काय?" मला बघून ते म्हणाले. "झाडाचा चीकच ना? कोरडा पडतो. खूर कोरडा पडला की तडकतो. तडकला की घोडा गेला."

तेलाने रबर खराब होतं. मी हे शाळेत शिकले होते. इंग्रजीत ते वाक्य तीन शब्दांचं होतं. मराठीत त्याला काका आडवे आले. कारण ते गुणगुणत होते. आमच्या घरात काकांना गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं होतं, ते मला आठवेना.

"बस, बस, राजा," ते सायकलीला म्हणाले आणि पुढच्या चाकाकडे सरकले. "आता हा पाय दे."

"घोडा गेला तेव्हा काही झालंच नाही असं दाखवत दोन घास जास्त जेवलात," काकू दारातून म्हणाल्या. "आता सायकलीचे पाय चेपताय. हरभरे भिजत घालू का तिच्यासाठी?"

"घाल," काका म्हणाले.

मग त्यांना बोलायची लहर आली. लढाईच्या दिवसांत पागेला लोखंड पुरेसं मिळेना, तेव्हा काय केलं ते सांगायला लागले. चारही पायांना नाल ठोकणं परवडेना. मग सगळ्यांच्या पुढच्या दोन पायांनाच ठोकायचे. "मागचे पाय उघडे चालतात गं. पुढचे नाही चालत. घोड्याचा अर्ध्याहून जास्त भार पुढच्या पायांवर असतो. पुढचा पाय चुकला की घोडा आणि स्वार, दोघेही तोंडावर."

मी जागच्या जागी थबकले. हे तर माझंच म्हणणं होतं! दुकानात त्यांचा भावाशी वाद चालला होता, म्हणून ते मागचे पाय, मागचे पाय करत बसले होते. इथे वाद नव्हता, फक्त घोडा होता, आणि घोड्याच्या बाबतीत काका कधी चुकत नसत. त्यांच्याच तोंडून त्यांच्याच निवाड्याविरुद्ध साक्ष निघत होती आणि त्यांना ते कळलं नव्हतं. याहून चांगली संधी मिळणार नव्हती. मी घसा साफ केला.

"काका," मी म्हणाले, "चहा ठेवू?"

*

रविवारी सकाळी निघायच्या आधी काकांनी आणखी एक हात फिरवला. परेडच्या दिवशी दोनदा लावायचं असतं म्हणाले. मग सीटवर थाप मारून त्यांनी मला निरोप दिला. निरोप सायकलीला होता, पण मी वर बसलेली असल्यामुळे तो मलाही पोचला.

मुरारपर्यंत सगळं इतकं छान झालं, की मला भीती वाटायला हवी होती. वडिलांचा पुढचा टायर खरोखरच हलका होता. काकांचा मागचा डांबरावर भुंग्यासारखा घुंई घुंई करत होता. तेलावर रस्त्याची धूळ बसून दोन्ही चाकं पिठात घोळल्यासारखी दिसत होती, पण पळत होती. वडील पँटीला चिमटे लावून मागून येत होते आणि मजेत होते. मुरारला थांबून त्यांनी डाळ भरलेली गरम पुरी, बेडई, घेऊन दिली.

"अजून किती आहे?" त्यांनी विचारलं.

"थोडंसं," मी म्हणाले. माझ्या त्या दिवसाच्या भाषणांपैकी हे सर्वांत लांब होतं.

गिट्टीवर ते गप्प झाले. सराट्यांच्या वाटेवर त्यांनी दोनदा "हं" म्हटलं. ते ऐकून मला कळलं, की माझं "हं" कोणाकडून आलं आहे. मग उतार आला.

या उतारावर मी रोज अर्ध्यापर्यंत ब्रेक दाबून हळूहळू जाते आणि मग सोडते. त्या दिवशीही मी ब्रेक दाबला. काही झालं नाही. पुन्हा, दोन्ही हातांनी दाबला. ब्रेकच्या रबराने रिम धरून ठेवायची असते. माझ्या ब्रेकने ती तेलातून प्रेमाने कुरवाळली. मागून वडील "सांभाळ! सांभाळ!" ओरडले, त्याचाही काही उपयोग झाला नाही. मी वाळूत शिरले. पुढचा अरुंद टायर सुरीसारखा आत गेला, हँडल फिरलं, पण वेग इतका होता की तसंच पुढे जाऊन मी पलीकडच्या चिकणमातीत पोचले. तिथे पुढच्या टायरने एक लांब, सुबक रेघ काढली आणि मी बसले. चिखलातच, पण व्यवस्थित, पंगतीला बसावं तशी. काकांच्या मागच्या टायरने मात्र शेवटपर्यंत इमान राखलं. तो जिथे रुतला तिथून तसूभर हलला नाही.

नाल्यात एक म्हैस होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि थोडी सरकली, जागा करून दिल्यासारखी. म्हशीबरोबर माझ्या वर्गातल्या दोन मुली होत्या.

"बहनजी गिर पड़ीं!" एक किंचाळली, आणि दोघीही पोट धरून हसायला लागल्या.

"हँसो मत!" मी चिखलातून ओरडले. "दाँत बाद में दिखाना! तू हैंडल पकड़, और तू पीछे से धक्का लगा! अरे, इधर से नहीं, उधर से! कल दोनों से तेरह का पहाड़ा सुनूँगी!"

त्या आणखी हसल्या, मीही हसले, आणि तिघींनी मिळून सायकल ओढून काढली. वर बघितलं तर वडील उताराच्या मध्यावर सायकल धरून उभे होते. पडलेल्या मुलीपेक्षा ओरडणाऱ्या मुलीनेच त्यांना जास्त धक्का दिला असावा.

शाळा बघायला ते आले नाहीत. आम्ही तिथूनच वळलो आणि बराच रस्ता सायकली हातात धरून चालत आलो.

"तू तिथे फार ओरडतेस गं," मुरार जवळ आल्यावर ते म्हणाले.

मी हँडलवरचा चिखल खरवडत राहिले.

"पोरी, तुला लागलं नाही हे नशीब समज. पण हा रस्ता नाही. भोपाळला शाळा काय कमी असतील? आणि जवळ असतील."

रस्त्याचा काही दोष नव्हता. त्याच रस्त्याने मी झिजलेल्या, धागे निघालेल्या टायरांवरही रोज सुखरूप येत होते. दोष ब्रेकवरच्या तेलाचा होता, म्हणजे काकांचा, आणि पुढच्या गुळगुळीत टायरचा, म्हणजे वडिलांचा. रस्त्याला निर्दोष ठरवायचं तर दोन वडीलधाऱ्यांना दोषी ठरवावं लागत होतं. त्यातल्या एकाने मला नुकतीच बेडई घेऊन दिली होती आणि दुसरा कित्येक वर्षांनी गुणगुणला होता. रस्ता बिचारा कोणाचा कोणी नव्हता. मुरारपासून छावणीपर्यंत मी वाक्य घडवत राहिले. ते कोणालाही लागणार नाही इतकं गोल झालं, तेव्हा त्यात काही अर्थही उरला नाही.

काका अंगणात वाटच बघत होते. माझ्या साडीवरचा चिखल बघून ते झटकन पुढे आले.

"कुठे लागलं तिला?"

मी कोपर पुढे केलं. काकांनी मला बाजूला सारून सायकलीच्या पुढच्या चाकावरून हात फिरवायला सुरुवात केली.

"दादा, रस्ता फार वाईट आहे," वडील पँटीचे चिमटे काढत म्हणाले. "ती येते आमच्याबरोबर. उद्या शाळेत जाऊन मी सांगून येतो."

आई आत वळली. कडी वाजली आणि ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. माझी ट्रंक आवाजावरून ओळखू येते, तिची एक बिजागरी कुरकुरते.

काका पुन्हा चाकाकडे वळले. वादात हरल्यावर ते असेच पाठ फिरवतात, आणि या वेळी तर त्यांच्याशी कुणी वादही घातला नव्हता. त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि टायरवरचा चिखल पुसायला लागले. मग उठून कोनाड्यातून डबा आणला. सायकलीकडे पाठ करून बसले, पुढचं चाक उचलून गुडघ्यांत धरलं.

"पाण्यात भिजलं," ते जणू स्वतःशीच म्हणाले. "सुकल्यावर तडकायचं. भोपाळला कोण लावणार आहे तिला?" आणि त्यांनी ब्रश तेलात बुडवला.

"सायकल नेणार कुठे आहोत आपण?" वडील म्हणाले. "आणि तुम्ही मनाला लावून घेऊ नका, दादा. तिला वाईट वाटलेलं नाही. गप्प आहे ना ती, म्हणजे पटलंय तिलाही."

ब्रशवरून एक थेंब ओघळून रिमवर पडला. त्या थेंबाकडे बघता बघता काय झालं सांगता येत नाही. वाक्य इंग्रजीत उमटलंच नाही, त्यामुळे कशातून कशात न्यायचाही प्रश्न आला नाही. घसा नाल्यातल्या ओरडण्याने आधीच बसलेला होता, आणि जो आवाज निघाला तो शाळेतला होता.

"काका, तो ब्रश खाली ठेवा! तेल खुराला लावतात, नालाला लावतात का कधी? टायर म्हणजे नाल आहे, खूर नाही. तुमचं तेल ब्रेकवर आलं म्हणून सायकल थांबली नाही. आणि अण्णा, तुमचा टायर आता मागे जाईल आणि काकांचा पुढे येईल, कारण लोखंड कमी पडलं की काका पुढच्याच पायांना नाल ठोकायचे, विचारा त्यांना. रस्ता बिल्कुल ठीक आहे. तुम्ही पुढच्या रविवारी परत या आणि या वेळी शाळेपर्यंत या. आई, माझी ट्रंक बंद कर. मी भोपाळ नाही जाणार."